श्रोत्याचे ऋण

गाणे ऐकून उठलेल्या मनुष्यावर काही कर्तव्य येऊन पडते काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास बहुतेक वाचक हसतील. तिकिटाचे पैसे दिले, शांत बसून ऐकले, योग्य जागी मान डोलावली, म्हणजे श्रोत्याचे कर्तव्य संपले, अशी आपणा सर्वांची समजूत असते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचीही तीच होती. ती समजूत कशी डळमळली आणि तिच्या जागी आम्ही कोणता विचार स्वीकारला, हे येथे सांगावयाचे आहे. हकीकत घरगुती आहे. परंतु नीतिशास्त्रातील पुष्कळ प्रश्न ग्रंथात शिरण्यापूर्वी घराच्या उंबऱ्यातच उभे राहिलेले असतात, म्हणून ती सांगण्याची मुभा वाचकांनी द्यावी.

उन्हाळा हा उत्सवांचा ऋतू आहे, हे पूर्वेस व पश्चिमेस सारखेच खरे आहे. युरोपात हिवाळ्यातील नाटकगृहांचा हंगाम संपला म्हणजे गवई व वादक मोकळे होतात, आणि मग लोक गावोगावच्या संगीतोत्सवांना निघतात. बायरॉइटचा उत्सव 1876 साली सुरू झाला, साल्झबुर्गचा 1920 साली, आणि दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे होतात न होतात तोच 1947 साली एडिंबरोचा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात रब्बीची पिके घरात आलेली असतात, खळी रिकामी झालेली असतात आणि मृगाला अवकाश असतो. गावोगावच्या जत्रा व तमाशे याच दिवसांत होतात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, तीही उन्हाळ्यातच. हाताला विसावा मिळाला की मनुष्यास गाणे आठवते, इतकाच याचा अर्थ.

आमच्या खान्देशात या ऋतूचा उत्सव म्हणजे आखाजी. इतर महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त. सोने घ्यावे, आंबरस खावा आणि दुपारी झोपावे, एवढ्यावर तो भागतो. खान्देशात मात्र आखाजी दिवाळीच्या बरोबरीने मानली जाते. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची मातीची घागर भरतात व तिच्यावर आंबा ठेवून तिची पूजा करतात. सालदाराचे साल त्या दिवशी संपते, त्याचा हिशेब होतो आणि पुढच्या सालाची बोली ठरते. एरवी ज्या घरात पत्त्यांचे नाव काढण्याची सोय नसते, तेथेही त्या दिवशी पुरुषांचे डाव बसतात. पण हे सर्व पुरुषांचे झाले. आखाजी खरी बायकांची. मुली गौराई बसवितात. गौराई म्हणजे सासरहून माहेरी आलेली पार्वती. तिला न्यावयास शंकर येईपर्यंत ती लेकीच्या लाडात राहावयाची. तिच्या निमित्ताने गावच्या साऱ्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना दोर बांधले जातात, आणि झोक्यांवर अहिराणी गाणी सुरू होतात. बहिणाबाई चौधरी यांनीही या सणावर गाणे रचले आहे.

आमचे गाव पिंपळनेर, साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातले. पांझरा नदी डोंगरातून उतरून गावाजवळून साक्री व धुळ्याकडे जाते. वैशाखात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा गोटेच अधिक दिसतात. आमच्या लहानपणी आखाजीच्या रात्री अंगणात खाटेवर पडले की तिन्ही बाजूंच्या आळ्यांतून गाणी ऐकू येत. एका झोक्यावरचे कडवे संपावे आणि दुसऱ्या आळीतून त्यास उत्तर यावे, असे मध्यरात्रीपर्यंत चाले. कोणी श्रोता म्हणून तेथे बसलेला आम्हास आठवत नाही. जी गात नसे ती झोका देई. जी झोका देत नसे ती आपली पाळी येण्याची वाट पाही.

पुढे आम्ही शिक्षणासाठी गाव सोडले आणि शहरात अध्यापक झालो. दोन वर्षांपूर्वी एका शहरातील उन्हाळी संगीत व कलामहोत्सवाच्या चालकांनी आम्हास एका सत्राचे अध्यक्षपद दिले. तीन दिवसांचा तो उत्सव होता. गायन, वादन, नृत्य, चित्रप्रदर्शन, सर्व काही त्यात होते. सुटीचा दिवस म्हणून एक सत्र नेमके अक्षय्य तृतीयेला ठेवले होते, आणि त्यात खान्देशच्या लोकगीतांना पंधरा मिनिटे दिली होती. गाणाऱ्या बाया आम्हीच आमच्या गावाहून आणाव्या, अशी चालकांची विनंती होती. आम्हास ती मानाची वाटली. चार बाया यावयास कबूल झाल्या. त्यांतली वडील जिला सारा गाव जिजी म्हणतो ती. आखाजीचा सण घरी टाकून केवळ आमच्या शब्दाखातर ती आली, हे त्या वेळी आमच्या ध्यानातही आले नाही.

रंगमंच सुरेख सजविला होता. मागे निंबाचे चित्र होते आणि एका बाजूस फुलांच्या माळा गुंडाळलेला झोका टांगला होता; मात्र तो शोभेचा असल्यामुळे त्यावर कोणी बसावयाचे नव्हते. जिजीने तो हाताने ओढून पाहिला आणि आम्हास विचारले, “भाऊ, झोका कोठे शे?” आम्ही हसलो आणि झोक्यावाचून गा असे तिला सांगितले. तिने आणखी काही विचारले नाही.

त्यांनी गाइलेले दुसरे गाणे मुऱ्हाळ्याचे होते. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी न्यावयास येणारा माणूस; बहुधा तो तिचा भाऊ असतो. गाण्यातली लेक दारात उभी राहून रस्ता पाहते. शेजारणींचे मुऱ्हाळी येऊन गेले, हिचा आला नाही. गाड्यांची धूळ उठते, पण त्यात तिच्या घरची गाडी नसते. चाल मात्र झोक्याची म्हणजे उसळती, आणि शब्द अहिराणी. त्यामुळे सभागृहाने ते आनंदाचे गाणे समजून टाळ्यांनी ठेका धरला. आम्हास शब्द कळत होते. आमचा कंठ दाटून आला. पुढे अध्यक्षीय भाषणात या गीतातील करुणरसाचे आम्ही सविस्तर विवरण केले, आणि श्रोत्यांनी गंभीर आशयावर ठेका धरला याबद्दल त्यांना सौम्य शब्दांत दोषही दिला. भाषण चांगले झाले, असे पुष्कळांनी येऊन सांगितले.

रात्री जेवणाच्या पंक्तीत जिजी आमच्या शेजारी बसली होती. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने सहज विचारले, “भाऊ, तुनी बहीण औंदा उनी का?” म्हणजे तुझी बहीण यंदा आली का?

आमची धाकटी बहीण दहिवेलला असते. पिंपळनेरहून तो रस्ता तासाभराचाही नाही. आई होती तोवर ती दर आखाजीला माहेरी येत असे. आई गेली, घराला कुलूप लागले, आणि तिला आणावयास जाण्याचे काम आमच्यावर आले. पहिल्या वर्षी परीक्षेचे काम निघाले. दुसऱ्या वर्षी प्रवास. पुढे पुढे कारणही लागेनासे झाले. सणाच्या दिवशी आम्ही तिला दूरध्वनी करीत असू आणि तिच्या नावे काही रक्कम पाठवीत असू. तिने कधी तक्रार केली नाही. अशी नऊ वर्षे गेली होती. ज्या लेकीचा मुऱ्हाळी आला नाही तिच्यासाठी आमचा कंठ दाटला होता, आणि तो न आलेला मुऱ्हाळी आम्हीच होतो. ठेका धरणाऱ्या श्रोत्यांना निदान शब्द कळत नव्हते.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. आम्ही खोटे रडलो, असे आम्हास वाटत नाही. डोळ्यांत आलेले पाणी खरे होते. मग त्या पाण्याची आणि नऊ वर्षांच्या विसराची गाठ एकदाही कशी पडली नाही?

रूसोने या प्रश्नाचे एक कठोर उत्तर दिले आहे. जिनीव्हा शहरात नाटकगृह असावे की नसावे, या वादात त्याने 1758 साली दालांबेर यास एक प्रदीर्घ पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की, रंगभूमीवरील दुःखासाठी अश्रू ढाळले म्हणजे माणुसकीचे देणे फेडल्याचे समाधान मनुष्यास फुकटात मिळते. प्रत्यक्ष दुःखिताकडे गेले असता तो वेळ मागेल, पैसा मागेल, कष्ट मागेल. नाटकातला दुःखित काहीच मागत नाही. म्हणून त्याने नाटकगृहाऐवजी उघड्या मैदानातील उत्सव पसंत केले, जेथे पाहणारे आणि करणारे असा भेदच राहत नाही. आमच्या आखाजीचे वर्णन त्याने ऐकले असते तर त्यास आनंदच झाला असता.

टॉलस्टॉयने आपल्या कलाविषयक ग्रंथात स्वतःचा अनुभव सांगितला आहे. एकदा तो खिन्न मनाने घरी येत असता शेतकरी बायांचे मोठे गाणे त्याच्या कानी पडले. लग्न होऊन माहेरी आलेल्या त्याच्या मुलीचे त्या कौतुक करीत होत्या. ते ऐकून त्याची खिन्नता पार गेली. त्याच सायंकाळी एका उत्तम वादकाने बेथोव्हेनची एक रचना वाजविली, तिचा मात्र त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. यावरून त्याने बायांचे गाणे ही खरी कला आणि बेथोव्हेनची ती रचना निकृष्ट, असा निर्णय दिला. तो निर्णय आम्हास मान्य नाही. बायांच्या गाण्याने त्याचे मन उचलले गेले, कारण ते त्याच्या मुलीसाठी होते. त्या अंगणात तो प्रेक्षक नव्हता, लेकीचा बाप होता. बेथोव्हेनच्या वेळी तो परीक्षक होऊन बसला. दोष रचनेचा नव्हता, बैठकीचा होता.

येथे आपल्या शास्त्रकारांचे म्हणणे ऐकणे अवश्य आहे, कारण ते या दोघांच्या उलट बाजूचे आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकाची लक्षणे दिली आहेत. पात्राच्या आनंदाने जो आनंदतो व शोकाने शोकाकुल होतो तो खरा प्रेक्षक, असे त्याचे मत. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या खाजगी सुखदुःखाने व्यापून जाणे हे एक विघ्न मानले आहे. रंगमंचावरचा शोक पाहताना ज्याला आपल्याच घरची रडगाणी आठवतात, त्याचा आस्वाद भंगतो. या न्यायाने पाहिले तर गाणे ऐकताना बहिणीची आठवण आम्हास झाली नाही, हे आमच्या रसिकतेचे प्रमाणपत्रच ठरेल!

आम्ही पुष्कळ दिवस याच प्रमाणपत्राचा आधार घेऊन पाहिला. परंतु त्यात एक गफलत आहे, ती हळूहळू ध्यानात आली. अभिनवगुप्ताचे म्हणणे आस्वादाच्या क्षणापुरते आहे. गाणे चालू असताना स्वतःला विसरावे, हे बरोबरच आहे. विसरले नाही तर दुसऱ्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचणारच कसे? पण गाणे संपल्यावरही विसरलेलेच राहावे, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. मंदिरातून बाहेर पडताना कोणी चपला विसरत नाही. आम्ही मात्र सभागृहातून बाहेर पडताना आमच्या घरचे माणूस विसरूनच बाहेर पडलो.

अमेरिकन तत्त्ववेत्ता विल्यम जेम्स याने 1890 साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयींचे प्रकरण लिहिले आहे, त्यात या प्रश्नाचा सर्वांत व्यवहारी विचार आहे. नाटकातील काल्पनिक पात्रांसाठी रडणारी एक रशियन बाई आणि त्याच वेळी बाहेर थंडीने गोठून मरणारा तिचा गाडीवान, हे चित्र त्यानेच रंगविले. परंतु रूसोप्रमाणे तो नाटकगृहाला टाळे लावा असे म्हणत नाही. त्याचे सांगणे इतकेच की, मैफलीत उचंबळलेली भावना कृतीवाचून विरू देऊ नये. पुनःपुन्हा विरू दिल्यास तशीच सवय जडते. कृती लहान असली तरी चालेल. घरातील वडीलधाऱ्या बाईशी दोन शब्द गोड बोलावे, गाडीत कोणाला आपली जागा द्यावी; पण काही तरी करावे. हे वाचले तेव्हा आमच्या नऊ वर्षांचा उलगडा आम्हास झाला. आम्ही पाषाणहृदयी नव्हतो. भावना विरू देण्यात मात्र दीर्घ सरावाने निष्णात झालो होतो. दर उन्हाळ्यात तीन-चार महोत्सव ऐकणाऱ्यास तो सराव फार लवकर होतो.

या ठिकाणी 1971 सालची एक प्रसिद्ध हकीकत आठवते. 1 ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क येथे बांगलादेशच्या निर्वासितांच्या साहाय्यार्थ मोठी मैफल झाली. आरंभी पंडित रविशंकर व उस्ताद अली अकबर खाँ वाद्ये जुळवीत असता श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या वाजविल्या. जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन अधिक आवडेल, अशी आशा रविशंकरांनी हसतमुखाने व्यक्त केली. आपल्याकडील जाणते लोक ही गोष्ट पाश्चात्य श्रोत्यांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगतात. आम्हीही वर्गात ती तशीच सांगत असू. पण त्या दिवशीच्या दोन प्रयोगांतून सुमारे अडीच लाख डॉलर उभे राहिले आणि ते निर्वासितांच्या मुलांसाठी देण्यात आले. ज्यांना जुळवणी आणि वादन यांतला भेद कळला नाही, त्यांच्या हातून श्रोत्याचे ऋण काही अंशी तरी फिटले. आम्हाला अहिराणीतला प्रत्येक शब्द कळला, आणि आमच्या हातून काहीच झाले नाही. दोघांतला अडाणी कोण, याचा निर्णय वाचकांनी करावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक गाण्यातून कर्तव्य काढू लागलो तर गाण्याचे कीर्तन होईल, आणि तेही रुक्ष. मालकंस ऐकून मनुष्याने नेमके काय करावयाचे? आमचे उत्तर असे की, गाणे आज्ञा करीत नसते आणि करूही नये. सावकाराने मागितल्यावाचूनही आपण देणे लागतोच. तसे हे देणे आहे. ते कोणाला द्यावयाचे, हे ज्याचे त्याला कळते. मालकंस ऐकून उठलेला मनुष्य घरी जाऊन निदान चढ्या आवाजात बोलला नाही, तरी काही फिटले म्हणावे. आणि ते ऋण प्रथम गाणाऱ्याचेच असते, हेही विसरू नये. सण सोडून आलेल्या त्या चार बायांना शाल, नारळ व प्रवासखर्च मिळाला. अध्यक्ष म्हणून आम्हास मानधनाचे पाकीट मिळाले. ते आम्ही जिजीच्या हाती दिले असते, तरी ती रात्र थोडी हलकी गेली असती. ते सुचले दुसऱ्या दिवशी, त्या बाया गावी गेल्यावर.

आखाजीची घडण या दृष्टीने पाहिली म्हणजे तिच्यातले शहाणपण दिसू लागते. तेथे कृती आधी आणि गाणे नंतर आहे. आधी भावाने उन्हातून जाऊन बहिणीला आणले पाहिजे. आणले नाही तर झोक्यावर बसणार कोण? आधी पितरांची घागर भरली पाहिजे, सालदाराचा हिशेब चुकता झाला पाहिजे. मग रात्री गाणी. सालदारावर अन्याय होतच नसे असे नाही, आणि ज्यांना कोणी न्यावयास येत नसे अशा लेकीही प्रत्येक आळीत असत. ते गाणे त्यांच्यासाठीच झालेले असावे. पण ज्याने आपले काम केले नाही, त्याला ते गाणे सुखाने ऐकता येणार नाही, अशी व्यवस्था त्या सणात होती. आमच्या महोत्सवात अशी काही अट नाही. तिकीट असले म्हणजे पुरते.

गेल्या वैशाखात आम्ही पिंपळनेरला गेलो, घराचे कुलूप काढले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवेलला जाऊन बहिणीला घेऊन आलो. एवढी वर्षे का आला नाहीस, असे ती विचारील म्हणून सारा रस्ता आम्ही उत्तर जुळवीत होतो. तिने विचारले नाही. जुन्या पेटीतले लुगडे तिने तयारच ठेवले होते. ते त्या वर्षीच तयार ठेवले होते की दरवर्षी ठेवीत असे, हे विचारण्याचे धैर्य आम्हास झाले नाही.

अंगणातल्या निंबाला नवा दोर बांधला. संध्याकाळी जिजी व आळीतल्या पाच-सहा बाया आल्या. पूर्वीसारखी तिन्ही बाजूंनी गाणी आता येत नाहीत. पलीकडच्या घरातून दूरदर्शनसंचाचा आवाज येत होता. आम्हास एका कडव्यापलीकडे गाणे येत नसल्यामुळे झोका देण्याचे काम आमच्याकडे आले. मुऱ्हाळ्याचे गाणे निघाले तेव्हा आमच्या बहिणीने त्यात स्वतःच्या पदरचे शब्द घातले. पुस्तके वाचता वाचता वाट चुकलेल्या आणि केस पिकल्यावर पोहोचलेल्या एका मुऱ्हाळ्याचे त्यात वर्णन होते. बाया पोट धरधरून हसल्या. तो रस करुण होता की हास्य, हे आम्हास त्या वेळी ठरविता आले नाही, कारण दोर हातात होता आणि झोका थांबू द्यावयाचा नव्हता.

यंदाही त्याच महोत्सवाचे निमंत्रण आले आहे, आणि सत्र पुन्हा अक्षय्य तृतीयेलाच आहे. दुसऱ्या कोणत्याही दिवशी आम्ही आनंदाने येऊ व मागच्या रांगेत बसून ऐकू, असे चालकांना कळविले आहे.